दयाबाईंचा आवाज

कोल्हार, १७ जानेवारी १९७१, रविवार

उपासनेहून येऊन भाकऱ्या टाकत होते, तेवढ्यात यशयादादा आला. नगरहून पहिल्या एस.टी.नं निघाला होता. आल्या आल्या म्हणाला, "मरियाला पुण्याला जागा मिळाली. नर्सिंगची. एक मार्चला हजर व्हायचंय."

मला खरंच आनंद झाला. मरियावहिनी सातवीत केंद्रात पहिली आली होती, पण लग्नानंतर तिची पुस्तकं माळ्यावर गेली. आता दीड वर्षात ती नर्स होईल.

दादानं पुढचा सगळा विचार करून ठेवलाय. वहिनी गेल्यावर शलमोन आणि रूथ या मुलांकडे कोण बघणार? म्हणून मी आणि बाबांनी कोल्हारचं घर बंद करून नगरला त्याच्याकडे जायचं. मी नगरजवळच्या एखाद्या शाळेत बदली मागायची. अर्ज तो लिहूनच घेऊन आला होता. अक्षर त्याचं, खाली माझं नाव.

"सही कर आणि उद्या हेडगुरुजींना दे," तो म्हणाला.

हात धुऊन सही केली. पिठाचा एक डाग पडला कागदावर, पण चालेल म्हणाला. बाबा रंधा मारत बसले होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मी काय, तुम्ही असाल तिथं मी."

दादाचं बरोबरच आहे. मी एकटी बाई, मला कुठली शाळा आणि कुठलं गाव! आई गेली तेव्हा मी दोन वर्षं शाळा सोडून घर सांभाळलं होतं, तेव्हाही काही बिघडलं नव्हतं. फक्त चौथीची परीक्षा एप्रिलमध्ये आहे, हे त्याला सांगायचं राहिलं. वहिनीनं पाठवलेला लाडू खाल्ला तो घशात अडकल्यासारखा वाटतोय. कोरडा होता जरा.

१८ जानेवारी, सोमवार

आवाज बसलाय. बसलाय म्हणजे अगदी गेलाच आहे. हजेरी घ्यायला तोंड उघडलं तर नुसता वारा निघाला. पोरांना वाटलं बाई गंमत करतायत. सगळा वर्ग हसला, मीही हसले, त्यालाही आवाज नव्हता.

अर्ज हेडगुरुजींना दिला. त्यांचं नाव राधाकृष्ण, पण गावात त्यांना हेडगुरुजीच म्हणतात. अर्ज दोनदा वाचून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, तुमची इच्छा आहे ना?" मी मान हलवली. आवाज असता तरी काय वेगळं सांगणार होते?

घरी आले तर बाबांना संध्याकाळपर्यंत काही कळलंच नाही. आम्ही दोघं तसे बोलतोच किती! शेवटी मीच पाटीवर लिहिलं, ‘माझा आवाज गेला.’ त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "मी म्हटलं आज घर शांत का."

१९ जानेवारी, मंगळवार

शेजारची कडूबाई मळ्यातून येता येता डोकावली. कसं कोण जाणे, तिला गावात कळलंच होतं.

"बाई, परवा उसाचा रस पेला का न्हाई तुमी? थंडीत रस पेला का घसा धरतोच. ह्यो घ्या ज्येष्ठमध. गालात धरून ठिवायचा, चावायचा न्हाई."

रस प्यायले होते खरं. चांगला दोन ग्लास. आता उगीच घाबरायला नको, कारण सापडलं.

२३ जानेवारी, शनिवार

पाच दिवस झाले. ज्येष्ठमध, हळद-दूध, मिठाच्या गुळण्या, सगळं चालू आहे. दुखत काहीच नाही. ताप नाही, घसा लाल नाही. गुऱ्हाळाचा धूर असेल, किंवा खडूची भुकटी.

शाळेत मात्र एक नवल झालंय. मी फळ्यावर लिहिते, हातानं खुणा करते, आणि माझं काय म्हणणं आहे ते कळावं म्हणून पोरं गप्प बसतात. पंधरा वर्षं मी "गप्प बसा" असं ओरडत आले आणि एकदाही असा वर्ग मिळाला नाही. परवा नदीचा धडा होता. मी सगळ्यांना प्रवरेवर घेऊन गेले. पाण्यात हात घालून प्रवाह कुठून कुठं जातो ते दाखवलं. वाळूत बोटानं धरण काढलं, कालवा काढला. येताना कुणी पळालं नाही. सगळी माझ्यामागून हळूहळू आली, जणू त्यांचाही आवाज गेला होता. फार छान दिवस गेला.

२६ जानेवारी, मंगळवार

झेंडावंदन. घोषणा दरवर्षी मी देते. यंदा हेडगुरुजींनी दिल्या आणि त्यांचा आवाज मध्येच चिरकला. मी मागं उभी होते.

सकाळी उठले की जबडा दुखतो, जणू ऊस सोलून खाल्लाय. तळहाताला घाम येतो, थंडी असूनही. या महिन्याची पाळीही दहा दिवस लांबली. हे सगळं थंडीचंच असणार, यंदा गारठा फार आहे. नाहीतर मला काय झालंय? घरात दोन माणसं, नोकरी कायमची, कुणाशी भांडण नाही. माझ्याइतकं सुखाचं कोण आहे?

३ फेब्रुवारी, बुधवार

दादानं चिठ्ठी पाठवून नगरला बोलावलं, घशाच्या डॉक्टरकडे. स्वतः स्टँडवर घ्यायला आला होता. कॉलरच्या आत त्याची मान लाल झालीय. बोलता बोलता सारखा खाजवत होता. "कारखान्यातलं तेल बाधतंय," म्हणाला.

डॉक्टर म्हातारे आहेत. कपाळावर आरसा बांधून त्यांनी घशात बघितलं. मग म्हणाले, "खोका."

मी खोकले. चांगला मोठा आवाज आला.

"हं. आता म्हणा, माझं नाव दया."

नुसता वारा.

त्यांनी दादाला बाहेर बसायला सांगितलं. दार लावून माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. "बाई, तुमच्या घशाला काहीही झालेलं नाही. स्वरयंत्र उत्तम आहे. नाहीतर खोकल्यालाही आवाज आला नसता. मनावर ताण असला की शरीर तो कुठून तरी बाहेर काढतं. कुणाचं पोट बिघडतं, कुणाचं डोकं दुखतं, कुणाच्या अंगावर पुरळ येतं. तुमच्या घशानं संप केलाय. आवाज जाण्याच्या आदल्या दिवशी काय झालं होतं?"

मी पाटीवर लिहिलं, ‘काही नाही. भाऊ आला होता. आनंदाची बातमी होती.’

"मग तुम्ही काय बोललात?"

मी लिहिलं, ‘काही नाही.’

त्यांनी ते वाचलं आणि पाटी परत दिली. "घाई नाही. येईल आवाज. तो कुठं गेलेला नाही."

औषधही लिहून दिलं नाही. नगरपर्यंत येऊन नुसत्या चौकशा! दादानं बाहेर विचारलं, "काय म्हणाले?" मी लिहिलं, ‘विश्रांती.’ तो म्हणाला, "मग बरंच झालं. आवाजाशिवाय तू शाळेत तरी काय करणार? महिनाअखेर कशाला थांबायचं? रजा टाक आणि आधीच ये. बदलीचं मागून होईल."

वहिनीनं जेवायला पुरणपोळी केली होती. ती फार वाळलीय. पुस्तकं माळ्यावरून काढून तिनं पुसून ठेवलीत. मला म्हणाली, "वन्सं, तुमचे उपकार कसे फेडू?" मी तिचा हात धरला. माझा हात ओला होता, तिचा गार.

७ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं त्यानं मी अगदी शरमून गेलेय. उपासनेत दुसरं गीत सुरू झालं, माझ्या आईच्या आवडीचं. मी पुस्तक न उघडता ओठ हलवत होते आणि दुसऱ्या ओळीला माझ्या घशातून आवाज आला. पूर्ण, स्वच्छ. शेजारच्या बायका वळून बघायला लागल्या. गीत संपेपर्यंत मी गायले. मग पाळकसाहेबांनी आनंदानं विचारलं, "दयाबाई, बरं वाटतंय?" उत्तर द्यायला गेले तर पुन्हा वारा.

बाहेर पायऱ्यांवर सत्यवान म्हणाला (तो पंचायतीत आहे, चर्चच्या), "गाता येतं, बोलता येत नाही. शाळा चुकवायची ही नवीन तऱ्हा दिसते." मला ऐकू जावं म्हणूनच बोलला. त्याला सांगायला हवं होतं की डॉक्टरकडे गेले तो दिवस सोडला तर मी एक दिवसही शाळा चुकवलेली नाही. कसं सांगणार?

घरी येऊन दार लावलं आणि त्याच चालीवर ‘बाबा, चहा घ्या’ म्हणायचा प्रयत्न केला. जमलं नाही. पाठ असलेलं निघतं. माझं स्वतःचं काही निघत नाही.

८ फेब्रुवारी, सोमवार

पाढे निघतात! एकोणतीसचा पाढा गाऊन दाखवला. पोरं आधी दचकली, मग बाकांवर उड्या मारायला लागली. दुपारपर्यंत तिसरीचे आणि दुसरीचे वर्ग आमच्या खिडकीशी येऊन पाढे गात होते. हेडगुरुजी दारात येऊन उभे राहिले. रागावतील असं वाटलं, पण ते पायानं ताल धरत होते.

घरी येताना कडूबाईनं शेतातला कांदा-मुळा दिला. "पोरं म्हनत्यात, बाई कोकिळा झाल्या," म्हणाली, आणि आम्ही दोघी बांधावर बसून पोट दुखेपर्यंत हसलो.

११ फेब्रुवारी, गुरुवार

दादाचं कार्ड आलं. रविवारी येतोय, पेटी भरून ठेव.

आज भरायला घेतली. पाच पातळं, पुस्तकं, आईचा फोटो. बाबांनी त्यांची हत्यारं पोत्यात बांधली. मोठं टेबल नेता येणार नाही. दादाच्या दोन खोल्यांत रंधा मारायला जागाही नाही. बाबा टेबलावरून हात फिरवत होते. मग म्हणाले, "जुनंच झालंय." चौदा वर्षांपूर्वी त्यांनी ते स्वतः केलंय, सागाचं आहे, जुनं कुठलं?

छातीत धडधड होतेय. दोनदा खाली बसावं लागलं. पेटीचं झाकण लावताना वाटलं की आत काहीतरी महत्त्वाचं ठेवायचं राहिलंय, म्हणून पुन्हा उघडली. सगळं होतं. तीनदा उघडली.

नदीवर धुणं घेऊन गेले. धुऊन झाल्यावरही पाय पाण्यात सोडून बसून राहिले. पलीकडं ऊसतोड चालू होती, बायका हसत होत्या. मी पंधरा वर्षं इथं आहे आणि हे गाव मला आवडतं, असं कुणाला कधी सांगितलं नाही. सांगायचं कशाला, कुणी विचारतं थोडंच!

१४ फेब्रुवारी, रविवार

सगळं नीट लिहून ठेवते.

दादा दहाच्या गाडीनं आला. एकला नगरची गाडी होती. चहाही न घेता म्हणाला, "चला, पेटी वेशीपर्यंत न्यायला वेळ लागेल." एक कडी त्यानं धरली, दुसरी बाबांनी. बाबा सत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी कडी धरली, पाठ वाकली, आणि दोघं पेटी घेऊन उंबऱ्यापर्यंत गेले. बाबांचा एक पाय बाहेर पडला होता.

"पेटी खाली ठेवा."

कोण बोललं ते मलाच कळलं नाही. जाडाभरडा, घोगरा आवाज होता, पुरुषासारखा. दोघंही जिथल्या तिथं थांबले. मी पुन्हा म्हणाले, "खाली ठेवा पेटी. मी येणार नाही."

पेटी खाली ठेवली त्यांनी. बाबा तिच्यावरच बसले.

दादा म्हणाला, "दया! तुझा आवाज आला."

"हो. मी नगरला येणार नाही, दादा. माझी चौथीची परीक्षा आहे. बाबांचं टेबल इथं आहे. मला इथं राहायचंय."

मी भिंतीला टेकले. वाटलं, आता तो रागावेल, वहिनीचं शिक्षण बुडेल, मुलांचे हाल होतील, सगळं माझ्यामुळं. दादा रागावला नाही. तो खाटेवर बसला आणि मान खाजवायला लागला. रक्त निघालं तरी खाजवत होता. मग म्हणाला, "मग मी काय करू? मला काही सुचत नाही, दया. दोन महिने झाले, मी झोपलेलो नाही. फोरमन बोलतो. मरिया रडते, जाऊ का नको करते. मी तिला सांगितलं, काळजी करू नको, दया आहे. तू नसलीस तर मी पोरांना भात कसा करून घालू?"

मी दादाला असं कधी बघितलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही.

मी म्हणाले, "मुलांना इकडं आण."

"कुठं?"

"इथं. कोल्हारला. शाळा समोर आहे. रूथ पहिलीत बसेल, शलमोन तिसरीत. बाबा आहेत, नदी आहे. तू शनिवारी येत जा."

तो खाजवायचा थांबला. "हे तू आधी का नाही बोललीस?"

"मलाही आत्ताच सुचलं."

बाबा पेटीवरून म्हणाले, "पोरांना दोन खाटा लागतील. लाकूड आहे." आणि लगेच उठून पोतं सोडायला लागले.

मी चहा टाकला. तो घेऊन गेले तर दादा खाटेवर आडवा होऊन झोपला होता, बुटांसह. एकची गाडी गेली. चारची गेली. मी उठवलं नाही. सहाला उठला आणि लहान मुलासारखं विचारलं, "किती वाजले?"

१५ फेब्रुवारी, सोमवार

हजेरी घेतली. प्रत्येकजण "हजर, बाई" असं नेहमीपेक्षा मोठ्यानं ओरडला.

मधल्या सुट्टीत हेडगुरुजींकडे गेले. रात्रभर नाही पण पहाटेपासून याचीच काळजी होती की अर्ज वर गेला असेल, आता परत कसा मागवायचा? चाचरत म्हणाले, "गुरुजी, तो बदलीचा अर्ज…"

त्यांनी टेबलाचा खण उघडला. अर्ज सगळ्यात वर होता, पिठाच्या डागासकट.

"बाई, अक्षर तुमचं नव्हतं. म्हटलं, तुम्ही स्वतः तोंडानं सांगाल तेव्हाच पाठवू. तुमचा आवाज यायची वाट बघत होतो." अर्ज माझ्या हातात दिला. "चहा घेणार?"

कडूबाईला सांगितलं तर तिला वाटतं ज्येष्ठमधानं गुण दिला. "महिना लागतोच त्याला, पर मुळातून काढतो." मलाही तसंच वाटतं. डॉक्टरांपेक्षा तिचंच बरोबर निघालं.

२४ फेब्रुवारी, बुधवार

दादाचं पत्र. वहिनीची तयारी झालीय, ती आता रडत नाही. मानेचं पुरळ गेलं, कुणीतरी दिलेल्या कडुलिंबाच्या तेलानं, असं लिहितो. किती भोळा आहे! काळजीनं उठलं होतं ते, काळजी गेली तसं गेलं. एवढं साधं त्याला कळत नाही.

२८ फेब्रुवारी, रविवार

मुलं आली. सोबत वहिनी आणि दादा. वहिनीनं मुलांचे कपडे माझ्या हाती देताना प्रत्येक कपड्याबद्दल काहीतरी सांगितलं, हा आवळतो, हा चुरचुरतो. निघताना ती मागं न बघता एस.टी.त चढली आणि मग खिडकीतून अर्धी बाहेर आली. रूथ रडली. शलमोन रडला नाही, पण बाबांच्या टेबलाखाली जाऊन बसला. बाबांनी त्याला तिथंच एक फळी आणि काचकागद दिला. संध्याकाळपर्यंत फळी घासून गुळगुळीत झाली. दोघांनी तीन तीन भाकऱ्या खाल्ल्या.

जबडा दुखत नाही हल्ली. पाळीही वेळेवर आली. थंडी कमी झालीय.

४ मार्च, गुरुवार

घरात कुणी ना कुणी सतत बोलत असतं. मला वही उघडायला आज सवड मिळाली.

सकाळी सत्यवान शाळेत आला. रविवारच्या शाळेतला मोठ्या मुलांचा वर्गही मीच घ्यावा असं म्हणाला, "आता तुमचा आवाज आलाच आहे तर." मी म्हणाले, "नाही जमणार. घरी दोन लहान मुलं आहेत." तो म्हणाला, "बरं, मग मीच बघतो." आणि वर "मुलं कशी आहेत?" असंही विचारलं.

दुपारी हेडगुरुजींनी विचारलं, "बाई, सातवीचं गणितही घ्याल का परीक्षेपर्यंत?"

"नाही, गुरुजी. चौथीला वेळ पुरत नाही."

म्हणून झाल्यावर मी खुर्चीची कड घट्ट धरली. आता काय होतंय याची वाट बघत उभी राहिले. गेली इतकी वर्षं मी धरून चालले होते की आपण नाही म्हटलं की समोरचा माणूस कोसळतो.

हेडगुरुजी म्हणाले, "हरकत नाही." चष्मा पुसला, उठले, आणि घंटा द्यायला गेले.